गाळ्यापुरती शिल्लक

१ ऑक्टोबर, बुधवार

सव्वीस वर्षे मुलींच्या शाळेत गणित शिकविल्यानंतर आज मला असे आढळून आले, की माझ्या स्वतःच्या घरात महिन्याची सगळी बिले भागल्यावर किती पैसे उरतात, हे मला सांगता येत नाही. अंदाजे सांगता येते. परंतु उत्तरापुढे 'अंदाजे' लिहिणाऱ्या मुलीला मी अर्धाच गुण देते; मग स्वतःला पूर्ण गुण कोणत्या तोंडाने द्यावेत? म्हणून ही नवी वही.

प्रश्न उद्भवला तो असा. घड्याळजी (म्हणजे माझे यजमान, सारा बाजार त्यांना याच नावाने ओळखतो, आणि खरे सांगायचे तर आता मीही) गेली बावीस वर्षे चष्मेवाल्यांच्या दुकानात, खिडकीजवळच्या टेबलावर, घड्याळे दुरुस्त करतात. भाडे नाही. सकाळी दुकान उघडायचे आणि झाडून घ्यायचे, एवढाच करार. आता चष्मेवाले दुकान विकून लेकीकडे राहावयास निघाले आहेत. एक जानेवारीला टेबल उचलावे लागेल.

पुढे दोन वाटा दिसतात. पहिली, मोठ्या रस्त्यावरील घड्याळांच्या झगमगीत दालनात नोकरी: कमाई आताइतकीच, गळ्यात टाय, आणि दुरुस्ती म्हणजे बॅटरी बदलणे. दुसरी, बाजारात जिन्याखाली रिकामा पडलेला गाळा. भाडे दरमहा साडेपाच हजार.

चहा घेताना घड्याळजी म्हणाले, "तिथं घड्याळ उघडायचंच नाही म्हणे. बंद पडलं की गिऱ्हाइकाला नवीन दाखवायचं."

"मग?"

"मग काही नाही." आणि ते कप विसळायला गेले.

हा मनुष्य सलग दोन वाक्ये बोलला, म्हणजे प्रकरण गंभीर आहे. मी तेथल्या तेथे अट ठरविली. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर, दोन्ही महिन्यांत, सर्व खर्च भागून किमान साडेपाच हजार उरले तर गाळा. न उरले तर टाय. भावनेला वाव नाही.

२ ऑक्टोबर

रात्रीच्या जेवणानंतर सर्वांना 'शिल्लक' ही संकल्पना समजावून दिली. फार मनोरम संकल्पना आहे! लोकांची समजूत अशी, की महिनाअखेर पाकिटात जे सापडते ती शिल्लक. छे. ते केवळ अवशेष. शिल्लक मोजण्यासाठी आधी खर्चाचे तीन थर वेगळे करावे लागतात. पहिला थर ठाम बिलांचा: घरभाडे, वीज, पाणी, गॅस, फोन, विमा, कन्येच्या कॉलेजचा हप्ता. हा थर हलत नाही. दुसरा लवचिक: किराणा, दूध, भाजी. आणि तिसरा, ज्याला मी 'चोरपावली खर्च' असे नाव दिले आहे. जो कोणालाच आठवत नाही आणि ज्याच्यामुळे सर्वांना वाटते, की पैसे गेले कुठे.

"आई, पंचवीस मिनिटं झाली," कन्या म्हणाली. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिला प्रस्तावना सहन होत नाही.

मग मुद्द्यावर आले. फ्रिजच्या दारावर पत्रक लावले आहे. रकाने पाच: दिनांक, बाब, रक्कम, कारण, आणि (हा पाचवा माझा स्वतःचा शोध) 'कोणता पर्याय विचारात घेतला?' पन्नासच्या वरच्या प्रत्येक खर्चाचे स्पष्टीकरण रविवारच्या बैठकीत तोंडी द्यायचे.

सासूबाईंनी विचारले, "आणि माझ्या पेन्शनीचं काय?"

"ती तुमची तुमच्याकडेच. तुमची पेन्शन आणि ही शिकवणी घेऊन मिळवते ते पैसे मी या गणितात धरलेलेच नाहीत. घरात येतो माझा पगार आणि ह्यांची कमाई. त्यातून जे जाईल तेवढेच लिहायचे."

"म्हणजे आमच्या पैशाला कुणी काही विचारणार नाही?"

"अजिबात नाही."

सासूबाईंनी कन्येकडे पाहिले. दोघींनाही विषयात रस वाटू लागला आहे, याचे समाधान वाटले.

५ ऑक्टोबर, रविवार

पहिली बैठक. एकवीस नोंदी, एक तास पन्नास मिनिटे.

कन्येने शाम्पूची बाटली लिहिली होती. मी मिलिलिटरला पडणारी किंमत काढून दाखविली, मोठ्या बाटलीशी तुलना केली, आलेखही काढला.

"आई, शाम्पूसाठी तोंडी परीक्षा?"

"परीक्षा नव्हे, चर्चा. तू कोणता पर्याय विचारात घेतलास?"

"टक्कल."

घड्याळजी खोकल्याचे निमित्त करून बाल्कनीत गेले. सासूबाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी औषधाच्या दुकानातील एका नळकांडीची नोंद स्वतःच खोडली आणि म्हणाल्या, "हे राहू दे. चुकून लिहिलं." अंगी शिस्त असली की मनुष्य स्वतःची चूक स्वतः सुधारतो.

१२ ऑक्टोबर, रविवार

दुसरी बैठक. नोंदी केवळ सहा! पंधरा मिनिटांत आटोपली. एकवीसवरून सहा, म्हणजे एकाहत्तर टक्क्यांहून अधिक घट, तीही एका आठवड्यात. पद्धत लागू पडली आहे. केवळ लिहावे लागते या जाणिवेनेच खर्चाला लगाम बसतो, हे मी कुठेतरी वाचले होते. आज आपल्या घरात त्याचा पडताळा आला.

१७ ऑक्टोबर

दिवाणखान्यातील कोकिळेचे घड्याळ घड्याळजींनी साफसफाईसाठी काढून नेले. बरे झाले. दर तासाला ती चिमणीएवढी कोकिळा दार उघडून ओरडते आणि माझी बेरीज चुकते. आमच्या घरात एकूण सात घड्याळे आहेत, सर्व त्यांनी भंगारातून उचलून जिवंत केलेली. एक कमी झाले तरी शांतता केवढी!

२४ ऑक्टोबर

एक कोडे. तीन तारखेस अडीच किलो साखर आणली. आमचा दैनिक वापर मी मोजून काढलेला आहे. त्यानुसार डबा एकवीस तारखेस रिकामा व्हावयास हवा होता. आज चोवीस. डबा काठोकाठ.

तीन शक्यता मांडल्या. पहिली, माझे मोजमाप चुकले. मी पुन्हा मोजले, चुकलेले नाही. दुसरी, साखर वाढते. ती मी सोडून दिली. तिसरी, सर्वांनी आपसूक गोड कमी केले. चहा मात्र पूर्वीइतकाच गोड लागतो. याला मी 'सवयीची स्मृती' असे नाव दिले आहे: जीभ आठवणीनेच गोडी लावून घेते. सासूबाईंना ही उपपत्ती सांगितली, तेव्हा त्यांना इतका जोराचा ठसका लागला की पाणी द्यावे लागले.

३१ ऑक्टोबर

हिशेब पूर्ण. शिल्लक पाच हजार आठशे तीस!

तीनदा तपासली. बँकेतील आकड्याशी ताडून पाहिली. पै न् पै जुळते. मी मोठ्याने आकडा वाचला तेव्हा घड्याळजी जागचे उठून उभे राहिले, मग काही सुचेना म्हणून पुन्हा बसले. सासूबाई म्हणाल्या, "अजून एक महिना काढायचाय रे बाबा." काटकसरीचा त्यांना एवढा शीण होईलसे वाटले नव्हते.

६ नोव्हेंबर

शिक्षकदालनात माझ्या पद्धतीवर अनौपचारिक व्याख्यान दिले. चित्रकलेच्या बाई संपूर्ण मधली सुट्टी ऐकत होत्या (दाराजवळ मी उभी होते). शेवटी म्हणाल्या, "बाई, खर्च घटतो आणि घरात काहीच कमी पडत नाही? तुमच्या घरी चोर येऊन सामान ठेवून जातो की काय?" कलेच्या मंडळींना पद्धतीचे महत्त्व कळावयास वेळ लागतो.

येताना आठवीतील चार मुलींसाठी कंपासपेट्या घेतल्या. त्यांच्या घरी घेणे होत नाही, आणि कंपासाशिवाय वर्तुळ म्हणजे बटाटा. सहाशे साठ लागले. ही नोंद पत्रकावर केलेली नाही. कारण हा घरखर्चच नव्हे, व्यवसायाचा भाग आहे. शिवाय पाचव्या रकान्यात काय लिहावे, ते सुचेना.

१३ नोव्हेंबर

निरीक्षणे. (१) घड्याळजी हल्ली दुकानात पायी जातात. म्हणतात, चालल्याने डोळ्यांना आराम मिळतो. चालण्याचा डोळ्यांशी संबंध मला ठाऊक नव्हता. (२) न्हाणीघरातील बल्ब गेला होता, तो आपोआप सुरू झाला. (३) सासूबाई औषधाच्या दुकानातून बाहेर पडताना दिसल्या, शालीखाली काहीतरी दडविलेले. विचारले तर म्हणाल्या, "वारा खायला गेले होते."

"औषधाच्या दुकानात?"

"तिथं पंखा चांगलाय."

(४) स्वयंपाकघरातील गजराचे घड्याळही साफसफाईसाठी गेले.

२२ नोव्हेंबर

लंबकाचे मोठे घड्याळ गेले. म्हणजे तीन. "एवढी साफसफाई?" मी विचारले. घड्याळजी भिंतीवर उरलेल्या पांढऱ्या चौकोनाकडे पाहत म्हणाले, "धूळ फार बसते गं."

गाळ्याचा विषय निघाला की हल्ली ते कागदावर रेघा ओढत बसतात. आज मी तो कागद पाहिला. गाळ्याचा नकाशा होता: टेबल, दिवा, खिडकी, आणि एक स्टूल. स्टुलावर लिहिले होते, 'गिऱ्हाइकाला बसायला'. चष्मेवाल्यांकडे बावीस वर्षांत त्यांचे गिऱ्हाईक कधी बसले नव्हते, हे मला ठाऊक नव्हते.

३० नोव्हेंबर, रविवार

शिल्लक सहा हजार चारशे दहा. दोन महिन्यांची मिळून बारा हजार दोनशे चाळीस. अट पूर्ण झाली. एवढेच नव्हे, तर या महिन्यात अटीवर नऊशे दहा अधिक!

मी टाळ्या वाजविल्या. एकटीच. कन्येने आजीकडे पाहिले, आजीने लेकाकडे, लेकाने फरशीकडे. आनंदाने माणसे मुकी होतात, ती अशी.

येत्या रविवारी गाळामालकांकडे जाऊन करारावर सही करावयाची. करार किमान तीन वर्षांचा असतो म्हणे. हे ऐकून सासूबाईंनी हळूच विचारले, "तीन वर्षं म्हणजे किती महिने गं?"

"छत्तीस."

"अगं बाई," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी कन्येचा हात धरला.

४ डिसेंबर, गुरुवार

आज जे घडले ते क्रमाने लिहिते, कारण क्रम सोडला तर मला रडू येईल किंवा हसू येईल, आणि दोन्हींनी शाई पसरते.

आठवीच्या वर्गात शेकडेवारी शिकवावयाची होती. जिवंत उदाहरण असावे म्हणून मी नोव्हेंबरचे पत्रक फळ्यावर उतरविले. नाव दिले नाही. 'एक आदर्श कुटुंब: आई, वडील, मुलगी, आजी' एवढेच लिहिले. प्रश्न घातला: या कुटुंबाचा किराण्यावरील खर्च उत्पन्नाच्या शेकडा किती?

मागच्या बाकावर खसखस पिकली.

"काय झाले?"

"बाई, हे लोक अंघोळ करत नाहीत का?"

"म्हणजे?"

"साबणच नाही ना कुठं. पूर्ण महिन्यात."

मी फळ्याकडे पाहिले. साबण नव्हता. दुसरी म्हणाली, "दातही घासत नाहीत, बाई." तिसरी म्हणाली, "आजी आहे म्हणता घरात, आणि औषध एकही नाही? आजी आहे ना अजून?" मग वर्गाला ऊतच आला. केस विंचरत नाहीत, कपडे धूत नाहीत, कुणाकडे जाताना हात हलवत जातात. पहिल्या बाकावरची एक शांत मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, यांचे पैसे उरलेले नाहीत. यांनी लिहिलंच नाहीये."

सव्वीस वर्षांत प्रथमच मी उत्तर न लिहिता फळा पुसला.

घरी आले. न्हाणीघरात गेले. साबण होता. नवा, सुवासिक. मोरीत कपड्यांची पावडर होती. साखरेचा डबा काठोकाठ होता. मी चौघांचा चहा केला, सर्वांना स्वयंपाकघरात बोलाविले आणि विचारले, "साबण कोण आणतं?"

कन्या म्हणाली, "मी. शिकवणीच्या पैशातून. शाम्पू, टूथपेस्ट, पावडर, सगळंच. आणि बसचा पास. आणि नोट्सच्या फोटोकॉपी."

"अगं, तू पण?" सासूबाई एकदम म्हणाल्या. "मला वाटलं मी एकटीच चोर!"

"तुम्ही काय आणत होता?"

"साखर. चहापत्ती. आणि माझं ते... औषध."

"औषध? अहो, औषध लपवायचं कशाला?"

सासूबाईंनी पदर खोचल्यासारखी शाल आवळली. "मूळव्याधीचं मलम होतं ते! त्याच्यापुढं मी काय लिहू, कोणता पर्याय विचारात घेतला? आणि ते रविवारी सगळ्यांपुढं तोंडी सांगू?"

कन्या टेबलावर डोके टेकून हसू लागली. मला हसावे की काय ते कळेना. "पण तुम्ही मला फसवलंत," मी म्हणाले.

"फसवायचं नव्हतं गं आई. फक्त बैठक टाळायची होती. पंचावन्नचा साबण आणि पाऊण तासाचं व्याख्यान. त्यापेक्षा आपल्या खिशातून आणलेला स्वस्त पडतो."

हे गणित, दुर्दैवाने, बरोबर आहे.

मी घड्याळजींकडे वळले. "तुम्हीही?"

"फळं," ते म्हणाले. "बल्ब. बुटांचे तळ, चालून चालून गेले होते. चष्मेवाल्यांना निरोपाची भेट." मग म्हणाले, "मी बैठकीला भीत नव्हतो. मला गाळा हवा होता."

"तुमच्याकडे कुठले पैसे? तुमची कमाई तर पूर्ण घरात येते."

त्यांनी दिवाणखान्याच्या भिंतीकडे पाहिले. पांढरे चौकोन. तेव्हा मला कळले, की ती तीन घड्याळे साफसफाईला गेलेलीच नव्हती. आणि मी या वहीत शांततेचे कौतुक लिहून ठेवले आहे.

शेवटी कागद घेतला आणि नोव्हेंबरचे खरे आकडे मांडले. सासूबाई एक हजार वीस. कन्या बाराशे पन्नास. घड्याळजी बाराशे नव्वद. बेरीज तीन हजार पाचशे साठ.

"आणि आई, तुझ्या कपाटात कंपासपेटीची पावती कसली?" कन्येने विचारले.

तो व्यवसायाचा भाग आहे, असे मी सांगू लागले. पण तिघेही ज्या नजरेने माझ्याकडे पाहत होते, ती नजर मी ओळखते. गृहपाठ घरी विसरला, असे सांगणाऱ्या मुलीकडे मी तशीच पाहते. सहाशे साठ मिळविले. चार हजार दोनशे वीस.

खरी शिल्लक: दोन हजार एकशे नव्वद.

५ डिसेंबर

फ्रिजवरचे पत्रक काढले. घड्याळजींनी दालनाच्या व्यवस्थापकांना फोन केला. बारा तारखेस भेटायला बोलाविले आहे. कन्येने त्यांना यूट्यूबवर टायची गाठ दाखविली. त्यांनी ती पहिल्याच प्रयत्नात अचूक बांधली. इतक्या बारीक कामाच्या हातांना ते सोपेच. मग आरशात पाहून सोडली आणि घडी करून ठेवली.

त्या दोन हजार एकशे नव्वदला मी पुन्हा पुन्हा तपासते आहे. तो आकडा हलत नाही. खऱ्या आकड्यांचा हाच त्रास असतो.

७ डिसेंबर, रविवार

गाळामालकांना नकार कळवायला गेलो. घड्याळजी म्हणाले होते, फोनवर सांगू. मी म्हटले, दोन महिने शब्द देऊन ठेवला, तर समोर जाऊन माफी मागावी. माझा याहून वेगळा कोणताही हेतू नव्हता, हे येथे नमूद करते.

मालक जुन्या फर्निचरचे व्यापारी. गाळ्याच्या वरच राहतात. घरात इतक्या खुर्च्या, की कोणत्या विकायच्या आणि कोणत्या बसायच्या ते कळू नये. घड्याळजींनी एका वाक्यात नकार दिला.

"हरकत नाही," मालक म्हणाले. "आपल्याला घाई नाही. चौदा महिने रिकामा आहे, अजून राहील. गाळा काय खायला मागतो?"

टीपॉयवर त्या गाळ्याचे विजेचे बिल पडले होते. मी ते वाचले. कुणाचेही बिल समोर असले की माझे डोळे आपोआप जातात.

"मागतो की," मी म्हणाले. "तीनशे दहा मागतो."

"तो मीटरचा ठरलेला आकार. दिवा लावा न लावा."

"आणि कर?"

"महिन्याला पाचशे चाळीस पडतो."

"रखवालदाराची वर्गणी?"

"चारशे. आणि शटर गंजू नये म्हणून तेलपाण्याचे दीडशे. पण बाई, हे किरकोळ आहे."

"कागद आहे का?" मी विचारले. घड्याळजींनी डोळे मिटून घेतले.

मी मालकांना शिल्लक ही संकल्पना समजावून दिली. पहिल्यापासून. थर वेगळे केले. उत्पन्नाच्या रकान्यात शून्य लिहिले, त्याखाली खर्च, आणि तळाशी उत्तर: उणे एक हजार चारशे, दरमहा. गुणिले चौदा.

"एकोणीस हजार सहाशे?" मालक म्हणाले. "म्हणजे गेले चौदा महिने माझ्याच गाळ्याचं भाडं मीच भरतोय?"

"होय. आणि गाळ्यात मात्र कोणीच बसलेलं नाही."

त्यांनी गुणाकार स्वतः करून पाहिला. मग म्हणाले, "पण पाच हजाराच्या खाली दिला तर बाजारात माझी पत काय राहील? तुम्ही किती देऊ शकता?"

"दोन हजार एकशे नव्वद."

"काय? अहो, असं कुठं भाडं असतं? दोन हजार म्हणा, अडीच म्हणा. हे एकशे नव्वद काय?"

"आमच्याकडे तेवढेच उरतात. दोन हजार म्हटले तर मी तुमचे एकशे नव्वद लपविले असे होईल, आणि अडीच म्हटले तर खोटे बोलले असे होईल. आमच्या घरात दोन्ही करून झाले आहे." मग मी त्यांना दाखविले, की एवढ्या भाड्यात सर्व आकार त्यांनीच भरले तरी दरमहा सातशे नव्वद त्यांच्याकडे उरतील. त्यांनी शंका काढली. मी आलेख काढला. त्यांनी तीन वर्षांनंतरचे विचारले. मी तीन वर्षांचा तक्ता मांडावयास घेतला. पाऊण तास झाला असेल. दुसऱ्या वर्षाच्या मे महिन्यापर्यंत आलो होतो, तोच आतून मालकीणबाईंचा आवाज आला.

"अहो, द्या त्यांना एकदाचा तो गाळा! मला जेवायला वाढायचंय."

मालकांनी माझ्याकडे पाहिले, तक्त्याच्या उरलेल्या कोऱ्या भागाकडे पाहिले. "जून सांगू नका," ते म्हणाले. "एक वर्षाचा करार करू. पण भाडं बाजारात कुणाला सांगायचं नाही."

जिना उतरताना घड्याळजी तिसऱ्या पायरीवर थांबले. "तू घरी बोलतेस ना," ते म्हणाले, "ते घरात मावत नाही गं. बाहेर बोलत जा."

ही स्तुती आहे की कसे, याचा मी विचार करते आहे.

घरी बातमी सांगितली तेव्हा सासूबाईंनी विचारले, "मग आता दर महिन्याला उरणार किती?"

"शून्य," मी म्हणाले.

"बरं झालं. मोजायचा ताप गेला."

तो गेलेला नाही, हे मी त्यांना समजावून देणार होते. पण कन्येने सर्वांसाठी चहा टाकला होता.

१ जानेवारी

टेबल हलविले. हातगाडीला दोनशे. कन्येची फोटोकॉपी साठ, साबण पंचावन्न, 'सासूबाई – औषध' दोनशे दहा. नव्या पत्रकाला रकाने तीनच आहेत. आज पहिल्याच दिवशी चार नोंदी झाल्या, आणि त्यांची बेरीज मी तीनदा तपासली. खरे आकडे सवयीचे व्हावयास वेळ लागेल.

बँकेतल्या बारा हजारांतून घड्याळे परत आणावीत, असे मी सुचविले होते. घड्याळजींनी चौकशी केली. कोकिळा आधीच दुसऱ्या गावी गेली होती. त्यांनी दुरुस्तीची नवी हत्यारे घेतली. पांढऱ्या चौकोनांवर काहीही लावायचे नाही, असे मी घरात सांगून ठेवले आहे.

३१ जानेवारी, शनिवार

अर्धा दिवस शाळा. शिल्लक काढावयाची म्हणून घरी जाणार होते. वाटेत गाळ्याची महिन्याची कमाई विचारून घ्यावी, असे वाटले.

घड्याळजी एका डोळ्याला भिंग लावून बसले होते. समोर फळीवर चिठ्ठ्या बांधलेली घड्याळे रांगेने; मी सवयीने मोजली, एकोणतीस भरली. स्टुलावर एक म्हातारे गृहस्थ होते. ते उठले, त्यांचे घड्याळ कानाशी धरून बराच वेळ ऐकत राहिले, आणि पैसे देऊन गेले.

"किती झाली?" मी वही काढली.

"बस ना."

मी स्टुलावर बसले. त्यांनी एक उघडे घड्याळ माझ्यापुढे सरकविले आणि स्वतःच्या डोळ्यावरचे भिंग काढून माझ्या हातात दिले. "हे बघ. मधलं चाक दिसतंय? आता त्याच्या खाली, केसाएवढी गुंडाळी."

मला आधी काहीच दिसेना. मग दिसले. ती गुंडाळी श्वास घेतल्यासारखी उघडत आणि मिटत होती. ती तशी का उघडते, असे मी विचारले. आणि मग घड्याळजी बोलू लागले. चाव्या, दाते, ताण, तेलाचा थेंब कुठे आणि किती; कोणता दाता कोणाला अडवितो आणि अडविल्यामुळेच सगळे कसे चालते. मध्ये त्यांनी कागदावर आकृती काढली. मला कळले नाही, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सांगितले. सहनशीलपणे, क्रमाने, हातवारे करून. चोवीस वर्षे मी या माणसाला अबोल समजत होते.

मी एकदाही मध्ये बोलले नाही. बाहेर ऊन भिंतीवरून खाली उतरले, दोन गिऱ्हाइके येऊन घड्याळे ठेवून गेली, आणि कन्येचा फोन आला की आजी जेवायची थांबली आहे. घड्याळजींचे अजून चावीच्या स्प्रिंगवर यायचे राहिले होते.

जेवून घ्या म्हणावे, असे मी कन्येला सांगितले. शिल्लक काढायची राहून गेली.